रोडोडेंड्रॉन आणतेयस ना?

अगं, बॉस्टनच्या थंडीत रोडोडेंड्रॉन जगेल का, ही काळजी सोड. कोणतं आणतेस आणि कुठे लावतेस, तेवढं बघ. तुझ्या पुढच्या खिडकीखाली मोठ्या पानांची उंच जात लावलीस तर काही वर्षांत खिडकीच झाकून जाईल. आणि हिमालयातल्या ट्रेकला पाहिलेला तो लालभडक बुरांस तर डोक्यातून काढच. कुळ एकच, पण त्याचा चांगला वृक्ष होतो आणि इथला हिवाळा त्याला झेपत नाही.

तू पीजेएम घे. ते आपल्या मॅसॅच्युसेट्समधलंच. वेस्टन नर्सरीच्या एडमंड मेझिट यांनी १९३९ मध्ये सैबेरियाकडची एक जात आणि कॅरोलायनाच्या डोंगरातली एक जात यांचा संकर केला आणि त्याला वडिलांची, पीटर जे. मेझिट यांची, आद्याक्षरं दिली. कडाक्याच्या थंडीत तगतं, साधारण चार-पाच फूट वाढतं आणि वसंतात बाकी बाग मरगळलेली असतानाच जांभळट गुलाबी फुलांनी भरून जातं. हिवाळ्यात पानं काळपट तांबूस होतात, तो त्याचा स्वभाव. जागा अगदीच कमी असेल तर रामापो, जेमतेम गुडघाभर. माझं लाडकं मात्र जपानच्या याकुशिमा बेटावरचं. वाढतं सावकाश, पण गोल, आटोपशीर. त्याच्या पानांच्या खालच्या अंगाला तपकिरी मऊ लव असते; बुरशी समजून पुसत बसू नकोस हं!

घराच्या सिमेंटच्या पायाला चिकटून लावू नकोस. सिमेंटमधला चुना मातीत उतरतो आणि याला तर आम्लधर्मी माती हवी, पीएच साधारण ४.५ ते ६. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर आधी माती तपासून घे. खोल खड्डा खणायचाही मोह आवर. याची बारीक मुळं वरच्या वरच पसरतात आणि पाणी साचलं की कुजतात. मुळांचा गोळा जमिनीच्या दोन बोटं वरच राहू दे. कुंडीत गुंतलेली मुळं बाहेरून हाताने जरा मोकळी कर. वर पाइनच्या सुयांचा थर दे, फक्त खोडाला टेकवू नकोस.

हिवाळ्याचं नीट ऐक. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वर ऊन-वारा पानांतलं पाणी नेतच राहतात. मार्चमध्ये पानांच्या कडा करपलेल्या दिसतात त्या बहुतेकदा या तहानेमुळे. म्हणून पाऊस कमी झाला असेल तर जमीन गोठण्याआधी, बागेचा पाइप गुंडाळून ठेवायच्या आत, भरपूर पाणी घाल. वाऱ्याच्या बाजूने खुंट्या ठोकून गोणपाटाचा आडोसा कर. झाड बर्फाखाली गाडलं गेलं तर उलट बरंच, तिथे वारा लागत नाही. फक्त छपरावरचा बर्फ घसरून पडतो ती जागा टाळ, फांद्या मोडतात.

आणि जानेवारीत पानं खाली लोंबून पेन्सिलीएवढ्या सुरळ्या झाल्या, की लगेच मला फोन लावू नकोस. थंडी वाढली की ते झाड तसंच करतं, ऊब आली की पानं पुन्हा उलगडतात. छाटायचं असेल तर फुलं ओसरल्या ओसरल्या. उशीर केलास तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापून टाकशील.

एक मात्र कडक सांगते. उत्तराखंडात बुरांसचं सरबत प्यायलो होतो म्हणून इथल्या फुलांवर तो प्रयोग करायचा नाही. या झाडांच्या पानाफुलांत विष असतं, अगदी मधातसुद्धा उतरतं. पिल्लू सध्या दिसेल ते तोंडात घालतंय ना? मग दोन वर्षं तरी अंगणात त्याच्या हाताला लागेल अशा जागी हे लावू नकोस.