गाडी पोहोचली, माल उतरेना

प्रश्न : तासगावहून बेदाणा घेऊन आमची दहाचाकी तंजावरला जाते. व्यापाऱ्याचे दुकान जुन्या पेठेत. गाडी आत शिरत नाही, हमाल वेळेवर येत नाहीत, वर हमाली ड्रायव्हरकडेच मागतात. दोन-दोन दिवस खोटी होते. काय करावे?
– एक वाहनमालक, तासगाव

उत्तर : हा वाद तंजावरात नव्हे, तासगावात भाडे ठरतानाच मिटवा. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी मागणी. ती बिल्टीवर लिहून घ्या : हमाली कोणाची, किती तासांनंतर हॉल्टिंग आणि दिवसाला किती.

तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या राजवीथी ट्रकसाठी आखलेल्याच नाहीत. तिरुचीकडून महामार्ग 83 ने येणारी गाडी शहराबाहेर थांबवून छोट्या टेम्पोने माल आत न्यावा. टेम्पोचे भाडे कोणाचे, तेही आधीच ठरवा. अवजड वाहनांच्या प्रवेशाच्या वेळा निघण्यापूर्वीच व्यापाऱ्याला विचारा. जानेवारीच्या मध्यावर पोंगल असतो. तेव्हा हमाल मिळणे कठीण.

पोहोचल्याची वेळ पोचपावतीवर सहीनिशी घ्या. ती नाकारली तर फोटो आणि संदेश तत्काळ पाठवा; हॉल्टिंगचा पुरावा तोच. ई-वे बिलाची मुदत साधारणपणे दर 200 किलोमीटरला एक दिवस. मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते.

तंजावरात मराठी घराणी आजही आहेत, पण हमालांशी बोलायला तमिळच लागेल. तमिळ जाणणाऱ्या माणसाचा नंबर ड्रायव्हरजवळ असू द्या.