माल म्हणजे पैसा? एका गेमच्या बाजारातून शिकूया डेड स्टॉकचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डेड स्टॉकवर बोललो. तिथे एका कॉम्प्युटर गेमचं उदाहरण धावतं दिलं होतं, ते इथे सविस्तर देतो. गेम खेळत नसाल तरी वाचा. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

दुकानदारांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "सर, गल्ल्यात पैसे नसले म्हणून काय झालं? चार लाखांचा माल पडलाय ना दुकानात. माल म्हणजे पैसाच की!"

खरंच माल म्हणजे पैसा असतो का? बघूया.

नाणंच नसलेला बाजार

न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्स या कंपनीचा 'पाथ ऑफ एक्झाइल' हा रोल-प्लेइंग गेम २०१३ साली आला. अशा गेममध्ये साधारणपणे राक्षस मारायचे, सोन्याची नाणी गोळा करायची आणि दुकानातून तलवार घ्यायची, असा प्रकार असतो. या गेममध्ये मात्र कित्येक वर्षं सोन्याची नाणीच नव्हती. मग व्यवहार कशात व्हायचा? वापरायच्या वस्तूंमध्ये.

'स्क्रोल ऑफ विस्डम' ही एक साधी गुंडाळी. सापडलेल्या वस्तूत नेमके कोणते गुण आहेत, हे ती वापरल्यावर कळतं. 'केऑस ऑर्ब' हा एक गोळा. तो चिलखतावर वापरला की चिलखताचे गुण बदलून नवे येतात. 'एक्झॉल्टेड ऑर्ब' एक गुण वाढवतो. 'डिव्हाइन ऑर्ब' गुण तेच ठेवून त्यांचे आकडे बदलतो. प्रत्येक गोळा एकदा वापरला की संपला. आणि हेच गोळे देऊन खेळाडू एकमेकांकडून वस्तू विकत घेतात.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. बलुतेदारीत सुताराला, लोहाराला सुगीच्या वेळी धान्यच मिळायचं. धान्य घरात खाता येतं आणि कोणाला देऊन दुसरं काही घेताही येतं. ते चालायचं, कारण पोट प्रत्येकाला आहे. गेममधला गोळाही तसाच चालतो. कोणाला तरी तो वापरायचा असतो, म्हणून त्याला किंमत असते.

पहिला मुद्दा लिहून घ्या. किंमत वस्तूत नसते, कोणाच्या तरी गरजेत असते.

नियम बदलला आणि भाव पालटला

या गेममध्ये अनेक वर्षं मोठे सौदे एक्झॉल्टेड ऑर्बमध्ये व्हायचे. का? तर भारी वस्तू घडवताना 'हा भाग जसा आहे तसा राहू दे' अशी सोय लागते, आणि तिची फी एक्झॉल्टेडमध्ये भरावी लागायची. त्यामुळे भारी वस्तू बनवणाऱ्या प्रत्येकाला एक्झॉल्टेड लागायचेच. जुने खेळाडू ते साठवून ठेवायचे, जसं आपण सोनं ठेवतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने नियम बदलला. ही फी आता डिव्हाइनमध्ये घेतली जाईल, असं जाहीर केलं. झालं! डिव्हाइनचा भाव चढला, एक्झॉल्टेडचा पडला आणि मोठे सौदे डिव्हाइनमध्ये व्हायला लागले. ज्यांची पेटी एक्झॉल्टेडने भरलेली होती, त्यांच्याकडचा एकही गोळा चोरीला गेला नव्हता. मोजले तर तितकेच होते. पण त्यांत पूर्वीइतका माल येत नव्हता.

"सर, हे गेममध्ये ठीक आहे," असं म्हणाल. मग आपल्याच राज्यातलं घ्या. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदीची अधिसूचना काढली. हातातला साठा संपवायला तीन महिने दिले. २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये. ज्याच्या गोदामात आठवड्याचा माल होता, तो सुटला. ज्याने 'स्वस्तात मिळतंय' म्हणून वर्षाचा माल भरून ठेवला होता, त्याचं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा.

दुसरा मुद्दा. एकाच मालात सगळा पैसा अडकवला की तुमच्या धंद्याची किल्ली नियम बनवणाऱ्याच्या हातात जाते.

माल मोडून पैसा करायलाही खर्च येतो

आपल्याकडे घाऊक घेतलं की स्वस्त पडतं. या गेममध्ये बऱ्याचदा उलटं व्हायचं. एकच वस्तू १०० नग एकदम विकणारा नगामागे जास्त भाव घ्यायचा आणि लोक आनंदाने द्यायचे!

कारण वेळ. सौदा करायचा तर विकणाऱ्याला मेसेज टाकायचा, त्याच्या उत्तराची वाट बघायची, त्याच्या जागेवर जायचं आणि समोरासमोर देवाणघेवाण करायची. अनेकजण उत्तरच द्यायचे नाहीत. दहा-दहा नग दहा जणांकडून जमवण्यापेक्षा थोडं जास्त देऊन एका फटक्यात काम झालेलं बरं, असा हिशोब.

जुलै २०२४ मध्ये कंपनीने गोळ्यांची अदलाबदल करणारं एक केंद्र गेममध्ये आणलं. ऑर्डर लावा, जुळली की सौदा आपोआप. सोबत गेममध्ये सोनंही आलं, पण ते दुसऱ्या खेळाडूला देता येत नाही. सौद्याची फी म्हणून ते भरायचं. म्हणजे कटकट गेली, पण खर्च राहिलाच.

तुमच्या दुकानातही हेच आहे. १,००० रुपयांची वस्तू सेलमध्ये ७०० ला काढली, वर जाहिरात केली, कामगाराचा दिवस गेला, तर हातात १,००० आले नाहीत.

तिसरा मुद्दा. मालाची खरी किंमत म्हणजे तो आज मोडला तर सगळा खर्च जाऊन हातात येणारी रक्कम.

आता तुमचा हिशोब

समजा, दुकानात ४ लाखांचा माल आहे. त्यातला दीड लाखाचा माल गेल्या ९० दिवसांत हललेला नाही. तो उसन्या पैशातून, महिना दीड टक्का व्याजाने भरलाय. दीड लाखावर महिन्याला २,२५० रुपये व्याज, वर्षाला २७,००० रुपये. वर्षभर तो माल तसाच राहिला तर शेल्फवर धूळ खाणाऱ्या खोक्यांना तुम्ही २७,००० रुपये भाडं देताय! आणि त्याच दीड लाखात जो माल महिन्याला फिरला असता, त्याचा नफा गेला तो वेगळाच.

म्हणून 'माल म्हणजे पैसाच की' हे वाक्य अर्धवट आहे. पूर्ण वाक्य असं: फिरणारा माल म्हणजे पैसा. पडून राहिलेला माल म्हणजे खर्च.

गृहपाठ

रविवारी दोन तास काढा. दुकानातल्या सगळ्यात महागड्या २० वस्तू वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे तीन उत्तरं भरा.

१. ही वस्तू शेवटची कधी विकली गेली?
२. आज मोडली तर खर्च वजा जाता हातात किती येतील?
३. उद्या नियम, फॅशन किंवा मॉडेल बदललं, तर ती घ्यायला कोण येईल?

तिसऱ्या प्रश्नाला 'कोणी नाही' असं उत्तर आलं, तर तो माल आधी काढा. मुद्दल सुटत नसेल तरी हिशोब करून काढा, कारण मिळालेली रक्कम चालणाऱ्या मालात लावता येते. आणि पुढच्या वेळी कंपनीचा माणूस "साहेब, स्कीम आहे, पन्नास पेट्या घ्या" म्हणाला, की सही करण्याआधी ही वही उघडा.

किती रक्कम अडकलेली निघाली, ते स्वतःशी तरी खरं लिहा. पुढच्या भागात आपण उधारीच्या वसुलीवर बोलणार आहोत, तेव्हा हीच वही लागेल. भेटूया!