हायड्रोजन कोंडणे सोपे नाही



माठातून पाणी पाझरते, लोणच्याच्या बरणीतून नाही. दोन्ही मातीच्याच, फरक बरणीवरच्या झिलईचा. हायड्रोजन वायूपुढे पोलादसुद्धा माठच बरं का!

हा वायू सर्वांत हलका. पोलादावर त्याचे रेणू फुटून अणू होतात. हे अणू धातूतून वाट काढतात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. उष्णता वाढली की पाझर वाढतो. काही अणू आतच राहून पोलाद ठिसूळ करतात. मग नळी अचानक तडकते. म्हणून आतून ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखा पातळ लेप देतात. लेप चांगला बसला तर पाझर शेकडो पटींनी घटतो. पण त्याला चीर गेली की तिथून पुन्हा सुरू.

उल्हासनगर-बदलापूरच्या मधल्या अंबरनाथला डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. तिने पाणबुडीसाठी हायड्रोजनपासून वीज करणारी यंत्रणा बनवली. मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवर चाचणी झाली. त्यात हायड्रोजन पाणबुडीतच तयार करण्याची सोय आहे.

आपला संबंध काय? ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होताना, कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्या ॲसिडने धुताना हाच वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास. ठिणगी पडली की भडका. शास्त्रज्ञांनाही जो कोंडणे जड जाते, त्याला आपण कोंडूच नये. दारे-खिडक्या उघडी ठेवा. बॅटरीतले पाणी काडी ओढून बघू नका. विडी बाहेर, लांब जाऊन ओढा, ही कळकळीची विनंती.

— ऊस विकास अधिकारी