अल्प स्मृतीचा सर्व्हर आणि डेटाबेसचा वेग

मोठ्या संगणकाची शक्ती विभागून तिचा लहानसा अंश मासिक भाड्याने देण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. या अंशाला आभासी सर्व्हर असे म्हणतात. 'डिजिटल ओशन' या कंपनीने २०१६ साली बंगळूर येथे आपले केंद्र उघडले, तेव्हा तिच्या सर्वांत लहान सर्व्हरचे भाडे महिना ५ डॉलर होते व त्यात ५१२ मेगाबाइट स्मृती मिळत असे. २०१८ साली त्याच दरात १ गिगाबाइट स्मृती मिळू लागली. एखाद्या लहान ग्रंथालयालाही परवडावी अशी ही सोय आहे. परंतु वाचकांची गर्दी झाली की यंत्रणा अडखळते, आणि अधिक मोठा सर्व्हर घ्यावा असा सल्ला दिला जातो. तो वाढीव खर्च बहुधा ग्रंथखरेदीच्या रकमेतूनच करावा लागतो. म्हणून मंदगतीचे कारण आधी शोधणे अगत्याचे ठरते.

स्मृती आणि साठा

संगणकाच्या स्मृतीतून माहिती वाचण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. घनस्थिती साठ्यातून, म्हणजे एसएसडीतून, वाचण्यास त्याच्या सुमारे हजारपट वेळ लागतो. वारंवार लागणारी माहिती स्मृतीत राहिली तर काम जलद होते. स्मृती अपुरी पडल्यास लिनक्स प्रणाली तिच्यातील काही भाग साठ्यावर हलवते आणि सारेच काम मंदावते. तेवढ्यानेही भागले नाही, तर ती एखादा कार्यक्रम बंद पाडते. सर्वाधिक स्मृती वापरणारा डेटाबेसच पुष्कळदा तिला बळी पडतो.

सूचीचे कार्य

ग्रंथालयात १ लाख नोंदी असून प्रत्येक नोंद सुमारे ४०० बाइटची आहे, असे समजू. 'पोस्टग्रेस' हा डेटाबेस ८ किलोबाइटच्या पृष्ठांत माहिती ठेवतो. एका पृष्ठात सुमारे २० नोंदी मावल्या, तर एकूण पृष्ठे ५,००० होतील. सूची नसेल तर एका लेखकाची पुस्तके शोधण्यासाठी ही सर्व पृष्ठे चाळावी लागतात. सूची असल्यास मोजकीच पृष्ठे उघडून तेच उत्तर मिळते. या सूचीची 'बी-ट्री' नावाची रचना रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडली.

अशी सूची शब्दकोशासारखी असते. नावाचा आरंभ ठाऊक असेल तर ती उपयोगी पडते. शीर्षकाच्या मधला शब्द शोधायचा असेल तर निराळ्या प्रकारची सूची करावी लागते. शिवाय प्रत्येक सूची जागा व्यापते आणि नवी नोंद करताना तिच्यातही भर घालावी लागते. म्हणून वाचक जे खरोखर विचारतात त्याचीच सूची ठेवावी.

स्मृतीचा हिशेब

पोस्टग्रेसच्या मूळ मांडणीत एकाच वेळी १०० जोडण्यांना मुभा असते व माहिती क्रमाने लावण्याच्या प्रत्येक क्रियेस ४ मेगाबाइट स्मृती वापरता येते. सर्व जोडण्यांनी एकेक क्रिया एकदम केली तर ४०० मेगाबाइट लागतील. वेग वाढेल या आशेने कोणी ४ चे १६ केले, तर हाच आकडा १,६०० होतो, म्हणजे १ गिगाबाइटच्या सर्व्हरच्या संपूर्ण स्मृतीहून अधिक! याउलट जोडण्या १० वर आणून इतरांना क्षणभर रांगेत ठेवले, तर १६ च्या हिशेबानेही १६० मेगाबाइट पुरतात. अशी रांग लावण्याचे काम 'पीजीबाउन्सर' हा छोटा कार्यक्रम करतो.

बंगळूरचे संशोधन

एकाच प्रश्नाचे उत्तर अनेक मार्गांनी काढता येते. किती नोंदी हाती लागतील याचा अंदाज बांधून डेटाबेस त्यांपैकी एक मार्ग निवडतो. अंदाज चुकला की मार्गही चुकतो, आणि जिथे स्मृती बेताची तिथे ही चूक फारच महाग पडते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. जयंत हरित्सा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या निवडीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांच्या 'पिकासो' या साधनाने २००५ साली या निवडींचे रंगीत नकाशे काढून दाखवले. काही नकाशे घनवादी चित्रांइतके गुंतागुंतीचे निघाले. त्यावरूनच हे नाव पडले. २०१४ साली त्यांनी अंदाजावाचून चालणारी पद्धत मांडली. तीत थोड्या खर्चाच्या मर्यादेत एक मार्ग चालवून पाहतात; उत्तर न मिळाल्यास मर्यादा दुप्पट करून पुढचा मार्ग घेतात. अज्ञात गोष्ट एकच असेल, तर एकूण खर्च आदर्श खर्चाच्या चौपटीपलीकडे जात नाही, हे त्यांनी सिद्ध केले.

सामान्य चालकालाही या विचाराचा लाभ घेता येतो. 'एक्सप्लेन' ही आज्ञा डेटाबेसने निवडलेला मार्ग दाखवते, तर 'ॲनलाइझ' ही आज्ञा त्याच्या अंदाजामागील आकडेवारी ताजी करते. प्रथम मंद प्रश्नांची नोंद ठेवावी, नंतर त्यांचे मार्ग तपासावेत, आवश्यक त्या सूच्या कराव्यात आणि जोडण्यांना मर्यादा घालावी. एवढे केल्यावरही स्मृती अपुरी पडत असेल, तरच मोठ्या सर्व्हरच्या भाड्याचा विचार करणे योग्य होय.