अश्राव्य ध्वनि आणि मेंदूची तटबंदी

दर सेकंदास सुमारें २०,००० पेक्षां अधिक कंपनें असलेला ध्वनि मनुष्याच्या कानास ऐकूं येत नाहीं. ह्या अश्राव्य ध्वनीनें शरीराच्या अंतर्भागाचें चित्र पाहतां येतें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु तोच ध्वनि औषधास वाटहि मोकळी करून देऊं शकतो. ती कशी, हें येथें पाहूं.

इ. स. १८८५ च्या सुमारास पॉल एर्लिख ह्या जर्मन शास्त्रज्ञानें प्राण्यांच्या रक्तांत रंग सोडला. इतर अवयव रंगले. मेंदू मात्र कोराच राहिला. ह्याचें कारण असें कीं, मेंदूंतील केशवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींस अत्यंत घट्ट चिकटलेल्या असतात. ही तटबंदी विषापासून मेंदूचें रक्षण करते. पण मेंदूंत रोग झाला असतां तीच औषधाच्याहि आड येते.

मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. डॉक्सोरुबिसिन हें कर्करोगावरील औषध सुमारें १०० नॅनोमीटर व्यासाच्या स्निग्ध पिशव्यांत भरून देतात. अमेरिकेंत त्यास १९९५ सालीं मान्यता मिळाली. परंतु इतक्या सूक्ष्म पिशव्यांनाहि ती अभंग तटबंदी सहसा ओलांडतां येत नाहीं.

येथें ध्वनि उपयोगीं पडतो. प्रथम रुग्णाच्या शिरेंतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे रक्तांत सोडतात. हजारांहून अधिक लहान ध्वनियंत्रें बसविलेलें एक शिरस्त्राण डोक्यावर असतें. भिंग जसें सूर्यकिरण एका बिंदूवर आणतें, तशा सर्व ध्वनिलहरी एके ठिकाणीं एकवटतात. वाटेंत एकेक लहर दुर्बळ असते. संगमस्थानीं मात्र बुडबुडे फुगूं व आकसूं लागतात. त्यांच्या हलक्या धक्क्यांनीं पेशींचे सांधे सैल होतात व औषध आंत शिरतें. सुमारें एका दिवसांत ते सांधे पुन्हा मिटतात.

बोस्टन येथील हिनिनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या रीतीचा सशांवरील प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध केला. पुढें २०१५ सालीं कॅनडांतील टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयांत, मेंदूंत गांठ असलेल्या रुग्णावर, कवटीस छेद न घेतां ही तटबंदी प्रथमच उघडण्यांत आली.

ध्वनीचा जोर प्रमाणाबाहेर गेल्यास बुडबुडे फुटून रक्तवाहिन्यांस इजा होते. म्हणून वैद्य बुडबुड्यांचा प्रतिध्वनि यंत्रानें सतत ऐकत जोर कमीअधिक करितात. ह्या उपचाराची परीक्षा अद्यापि चालू आहे. तट पाडणें हा येथें हेतु नव्हे. मित्रास आंत घेऊन दार पुन्हा लावतां आलें पाहिजे. सामर्थ्यास प्रमाणाची जोड मिळाली तरच तें उपकारक होतें, हें ह्या शोधावरून आपण ध्यानीं घ्यावें.