पहिला पगार बघून ठरवू नका

आई-बाबा, दहावी-बारावी झालेलं पोरगं दोन महिने घरी बसलं की गावात कुणी ना कुणी म्हणतंच, "सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत लावून देतो की, कंपनीत माणसं घेताहेत." ठेकेदाराचा नंबर मिळतो, आधार कार्डाची झेरॉक्स जाते आणि पुढच्या महिन्यात घरात पगार येतो. त्याच्याच वर्गातला दुसरा मुलगा आयटीआयला गेलेला असतो, तो अजून एसटीच्या पासाला घरून पैसे मागतो. पारावर दोघांची तुलना होते आणि शिकणारा मागे पडल्यासारखा दिसतो. ही तुलना चार-पाच वर्षं पुढे ढकला, एवढीच माझी विनंती.

हेल्पर म्हणून लागलेला मुलगा माल उचलतो, पॅकिंग करतो, लाइनवर उभा राहून दिवसभर तेच ते स्क्रू आवळतो. कष्टाचं काम आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. घराची नड असेल तर करावंच लागतं. पण ठेका बदलला की नवा ठेकेदार येतो आणि मुलगा पुन्हा नवखा ठरतो. पाच वर्षांनी चाकणच्या किंवा रांजणगावच्या गेटवर उभा राहिला, तर "काय येतं?" या प्रश्नाला दाखवायला त्याच्याजवळ कागद नसतो.

काम गेल्यावर बाहेर दाखवायला काही नसणं आपल्या तालुक्याला नवीन नाही. इथल्या कितीतरी घरांच्या चुली मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटल्या. 18 जानेवारी 1982 ला तिथल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात ज्यांचं काम कायमचं गेलं, त्यांच्या हातात मोठी कसबं होती. पण ती गिरणीच्या आतच चालणारी होती, बाहेर त्यांना कुणी विचारलं नाही.

आता कारखाने आपल्याच माळावर आलेत. सुप्याला जपानी उद्योगांसाठी वेगळी वसाहत आखली गेली, कॅरिअर मिडियाचा एसीचा कारखाना आला. भूमिपुत्रांना काम द्या, ही मागणी रास्तच आहे. तरी त्याबाबतच्या नियमात काय लिहिलंय ते बघा. राज्याचं धोरण एकूण 80 टक्के जागा स्थानिकांना द्या म्हणतं आणि सुपरवायझरच्या पातळीवर निदान 50 टक्के. स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षं राहिलेला. म्हणजे जळगावचा मुलगाही तिथे स्थानिक आणि ज्याच्या शिवाराला लागून कंपनी आहे तो आपला मुलगाही स्थानिकच. जमीन कुणाची गेली, याला तिथे वेगळे गुण नाहीत. हेल्परच्या जागा भरून 80 चा आकडा गाठता येतो. त्या 50 मध्ये शिरायला मात्र कसब लागतं.

म्हणून आयटीआयकडे "कमी मार्कांची सोय" म्हणून बघणं सोडा. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एक वर्षाचा. शेजारी एसीचा कारखाना असताना रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगच्या ट्रेडची चौकशी आपण का करत नाही, हे मला कोडंच आहे. आणि वाट तिथे संपतही नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. उशीर होतो खरा, पण प्रत्येक टप्प्यावर कमवता येईल असं काहीतरी हातात असतं. घरची परिस्थिती बघून मध्येच थांबावं लागलं तरी आधीचं वाया जात नाही.

आयटीआय केलं की लगेच कायम नोकरी, असं मात्र कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तिथला मुलगाही ठेक्यात अडकतो. शिवाय सगळीकडचं शिकवणं सारखं नसतं. प्रवेशाआधी मुलाला घेऊन वर्कशॉपमध्ये जा. मशिन चालू आहेत की झाकून ठेवलीत, त्या ट्रेडला निदेशक आहेत का, मागच्या वर्षीची मुलं कुठे अॅप्रेंटिस लागली, हे तोंडावर विचारा. लग्न जमवताना आपण सात पिढ्या खोदून काढतो, इथे एक चक्कर मारायला काय हरकत आहे?

अॅप्रेंटिसशिपबद्दल फार गोंधळ आहे. 1961 च्या कायद्याखाली नोंदलेल्या शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं, मुदतीनंतर परीक्षा होते आणि पास झाल्यावर देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. त्याच कंपनीने नोकरी द्यावीच, असं बंधन नाही. काही जण साध्या हेल्परलाच "ट्रेनी" म्हणतात. तेव्हा सरकारी पोर्टलवर करार नोंदलाय का, ते बघा. आणि मुलगा कामगार म्हणून लागला असेल तर पगाराची पावती आणि पीएफचा यूएएन नंबर मागून घ्या. तो नंबर नोकरी बदलली तरी त्याच्याबरोबर जातो.

मुलींचं काय? आयटीआयच्या 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. "वेल्डिंग पोरीचं काम का?" असं म्हणणाऱ्या घरात तीच पोरगी कांद्याच्या गोणी शिवते, गायीच्या धारा काढते आणि विहिरीवरची मोटर बंद पडली की स्टार्टरचं बटणही तीच दाबून बघते. अडचण कामाची नसते, संध्याकाळच्या एसटीची असते. ती खरी अडचण आहे. पण त्यासाठी चार घरांनी मिळून डेपोत जाऊन बसावं, पोरीला घरी बसवू नये.

बाबा, तुमच्यातल्या कुणी वीस वर्षं वेल्डिंग किंवा वायरिंग केलं असेल तर हे तुमच्याहीसाठी आहे. अनुभवाच्या दाखल्यावर खाजगी उमेदवार म्हणून ट्रेडच्या परीक्षेला बसण्याची सोय आहे. आयटीआयमध्ये चौकशी करा, लाजू नका.

राहिला प्रवेशाचा अर्ज. तो ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यात संस्था आणि ट्रेड पसंतीच्या क्रमाने द्यायचे असतात. पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद होतं. त्यामुळे तो क्रम नेट कॅफेवाल्याने घाईत लावायचा नाही, आणि भाच्याला इलेक्ट्रिशियन मिळालं म्हणून मामानेही नाही. मुलाला शेजारी बसवा, बटण त्याला दाबू द्या.