कठीण की अशक्य?

खेळ थोडा कठीण असला तर मजा येते. पण तो जिंकणे शक्यच नसेल तर?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा संगणकावरचा खेळ ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने २००४ साली आणला. त्यात दूरदूरचे खेळाडू इंटरनेटवर एकत्र येऊन राक्षसांशी लढतात. ढालवाला मार झेलतो, वैद्य जखमा बऱ्या करतो आणि बाकीचे हल्ला करतात.

जानेवारी २००६ मध्ये या खेळात ‘क्थून’ नावाचा राक्षस आला. त्याच्याशी एका वेळी ४० जणांचा संघ लढू शकत असे. नामांकित संघ कितीतरी आठवडे झुंजले, पण हरले. मग अनुभवी खेळाडूंनी हिशेब मांडला. क्थूनचे सोंडेसारखे हात जमिनीतून वर येत. ते तोडून होण्याआधीच नवे हात उगवत! म्हणजे दोष खेळाडूंचा नव्हता, खेळाच्या समतोलाचा होता. एप्रिल २००६ मध्ये कंपनीने ही लढाई दुरुस्त केली आणि लवकरच क्थून हरला. तरीही लढाई सोपी झाली नव्हती. फार थोडे संघ ती जिंकू शकले.

मित्रांनो, एखादी गोष्ट जमली नाही की लगेच ‘हा अन्याय आहे’ असे म्हणू नका. आधी पुन्हा प्रयत्न करा. मग कारण शोधा. कारण सापडले, तर मात्र गप्प बसू नका. नुसत्या रडगाण्याकडे लोक पाठ फिरवतात. पुराव्याकडे पाहावेच लागते.

शब्दार्थ
झुंजणे – जोराने लढणे
समतोल – दोन्ही बाजू सारख्या असणे
रडगाणे – सतत केलेली तक्रार

स्वाध्याय
१. क्थूनला हरवणे आधी अशक्य का होते?
२. ‘कठीण’ आणि ‘अशक्य’ यांतील फरक एका उदाहरणाने सांगा.